न लिहिलेला झिरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, खात्यातल्या कुणाला नाही, वडील होते तेव्हा त्यांनाही नाही. अकोल्याला मोजणीच्या कामावर असताना एका टिपणवहीत मी एक शब्द लिहिला नाही. विसरलो नव्हतो. लिहिला नाही. दोन अक्षरांचा शब्द होता, आणि त्या दोन अक्षरांवर वीस-बावीस घरांचं पिण्याचं पाणी अवलंबून होतं, हे मला त्या वेळी पुरतं ठाऊक होतं. तो शब्द ज्यांनी मला शिकवला त्या आमच्या कचेरीतल्या मामांविषयी लिहायला बसलो आहे. स्वतःविषयी कमीत कमी लिहावं असं मनात आहे, पण ते जमेल असं वाटत नाही.

मामा कधीही ‘आज ऊन फार आहे’ असं म्हणाले नाहीत. कुणी म्हटलं तर ते विचारत, “कोनतं?” मला आधी ती थट्टा वाटली. वैशाखातल्या अकोल्यात उन्हाला ‘कोणतं’ म्हणून काय विचारायचं? पण मामांच्या लेखी ऊन एक नव्हतंच. सावली पायाखाली गोळा झाली की ते ‘उभं ऊन’. तिसऱ्या प्रहरी तिरपं होऊन डोळ्यांत शिरणारं ते ‘सांडलेलं ऊन’. आणि सूर्य बुडाल्यावर जमिनीतून वर येणारं, खाटेखालून पाठ भाजणारं, ते ‘बसलेलं ऊन’. “उभं ऊन सरकारी हाये, साहेब,” ते म्हणत. “टायमावर येते, टायमावर जाते. बसलेलं ऊन पाहुन्यासारखं. जाचं नावच घेत नाई.”

मामा आमच्या कचेरीत चेनमन होते. मोजणीची लोखंडी साखळी ओढायची, तिचं टोक खुंटीवर धरायचं, किती साखळ्या झाल्या ते मोठ्यानं ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. अंगानं बाभळीच्या वाळल्या फांदीसारखे, डोक्याला दुपट्टा, कोपरीच्या खिशात कांदा. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही असं आमच्याकडे सगळेच मानतात, मामा दुपारी तोच कांदा भाकरीबरोबर खाऊन टाकत आणि म्हणत, “आता लागलं तं लागलं.” गाव त्यांचं मूर्तिजापूरकडचं, शकुंतला या छोट्या गाडीच्या रुळालगतचं. कचेरीतले साहेबलोकसुद्धा त्यांना मामाच म्हणत. मीही म्हणू लागलो. ते मला साहेब म्हणत. मी चोविशीतला होतो, अमरावतीच्या वकिलाचा मुलगा, कायद्याच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन मोजणी खात्यात चिकटलेला.

पहिल्याच आठवड्यात माझं एका शेताचं क्षेत्र जुळेना. सकाळी मोजलेली बाजू आणि दुपारी मोजलेली बाजू कागदावर एकमेकींना भेटायलाच तयार नाहीत. मी तीनदा आकडे तपासले. मामा शेजारी उकिडवे बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, “साहेब, आकड्याचा कसूर नाई. साखळी लांब झाली.”

“साखळी लांब कशी होईल?”

“उन्हानं. तुमी उन्हात सुकता, लोखंड उन्हात पसरते. एका साखळीत केसभर, शंभरात वीतभर.”

त्यांनी मला तळावर नेऊन दाखवलं. मुक्काम पडला की तिथे दोन खुंट्या ठोकून त्यांनी सकाळच्या साखळीचं माप धरून ठेवलेलं असे. दुपारी साखळी त्या खुंट्यांवर लावून पाहत आणि किती वाढली ते नखानं दाखवत. हे कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. वरिष्ठांना सांगितलंत का, असं मी विचारलं तेव्हा ते हसले. “सांगतलं होतं एका साहेबाले. ते म्हने, मामा, उन्हानं तुमचं डोकं वाढलं.”

त्या दिवसापासून मी टिपणवहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर त्यांचे शब्द लिहू लागलो. का, ते नीट सांगता येणार नाही. माझ्या घरी पुस्तकं खूप होती; पण आम्ही ज्या मुलखात राहत होतो त्याचं नाव घेणारा शब्द त्यांत क्वचित सापडे. उन्हाळ्यात वऱ्हाड वाळवंट होतं. नद्यांची रेती उरते, काळी जमीन हातहात भेगाळते, रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा. आणि आमच्या पुस्तकांतल्या झाडांवर मात्र बारा महिने कोकिळा. मामांचं बोलणं ऐकताना मला पहिल्यांदाच वाटलं की आपण कुठेतरी राहतो.

मामांना ते लिहिणं गमतीचं वाटे. “लिवता काय, साहेब? सरकारी बुक हाये ते. वाऱ्याचा हिशोब मांगन कोनी?”

तरी सांगताना ते फार काटेकोर असत. पानही न हलवता नुसती कातडी भाजून जाणारा वारा, त्याला ते ‘मुका वारा’ म्हणत. शेतातून फिरत येणारा धुळीचा खांब म्हणजे ‘भवरा’, आणि झाडं मोडणारं ते ‘वावधन’. मी एकदा या दोहोंची गल्लत केली तर मामा गंभीर झाले. “भवऱ्यात डोये मिटून उभं राहाव लागते. वावधनात डोये उघडून पयाव लागते. तुमी मले भवरा सांगतला अन् आलं वावधन, तं मी डोये मिटून मरीन ना बाप्पा! नाव असं घ्याव साहेब, का ऐकनाऱ्याचा पाय वाचला पायजे.”

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. ऐकणाऱ्याचा पाय वाचला पाहिजे. जमिनीचं नावही ते याच हिशेबानं घेत. ‘बरड’ म्हणजे खुंटी जाणार नाही, दगड रचून खूण करा. ‘चोपण’ म्हणजे वरून कोरडी दिसेल पण पावसात माणूस मांडीपर्यंत जाईल, तेव्हा मोजणी आत्ताच उरका. पांढरी बुरशी आल्यासारखी दिसणारी जमीन म्हणजे ‘खार फुटली’, तिथल्या विहिरीचं पाणी बैलसुद्धा तोंड लावून सोडून देतो. काळ्या जमिनीतली मोठी भेग दिसली की मामा वाकून तीत एक खडा सोडत आणि कान लावत. खडा टक् वाजला की मान हलवत. वाजलाच नाही तर काही न बोलता पुढे चालू लागत. त्या न बोलण्याला मात्र त्यांच्याकडे शब्द नव्हता. मी विचारला होता.

झाडांवर त्यांचं प्रेम होतं, पण आंबा-वडावर नाही. “त्याइचं काय, त्याइले सगळेच पुसतात.” त्यांचा जीव होता हिवरावर, हिंगणावर आणि नेपतीवर. नेपतीला पानंच नसतात. नुसत्या हिरव्या काड्यांचा झुबका, आणि भर उन्हाळ्यात त्यावर विटकरी लाल फुलं. मी विचारलं, “हिला पानं का नाहीत, मामा?” ते म्हणाले, “जे जाचंच हाये ते ठेवाव कायले?” मग थोडं चालून गेल्यावर आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, “आमच्या बापजाद्यानं बी असंच केलं. काई ठेवलंच नाई. पन फूल बी येऊ देलं नाई कोनी.”

छप्पन साल होऊन दोनच उन्हाळे झाले होते. मामांच्या घराण्यानं त्या वर्षी धम्म घेतला होता. त्यानंतर मुलीकडून, सुमनकडून, ते अक्षर शिकले. ती मूर्तिजापूरच्या शाळेत होती आणि बापाला पाटीवर गिरवायला लावून चुकला की हातावर मारायची, हे ते फार अभिमानानं सांगत. आमच्या कचेरीत अशी रीत होती की मोजणी झाली की टिपणाखाली मोजणीदाराची सही आणि त्याखाली साखळी ओढणाऱ्याची निशाणी. मामा आधी अंगठा लावत. मी गेलो तोवर सही करू लागले होते. तो एक सोहळाच असे. आधी हात मातीनं घासून स्वच्छ करत, दुपट्ट्याला पुसत, टाक घेत आणि म्हणत, “थांबा जी, घाई नोको.” मग ‘चंद्रभान’ अशी अक्षरं मोठाली काढून वर एकच लांब रेघ ओढत, साखळी ताणावी तशी सरळ. कारकुनानं एकदा सवयीनं शाईची गादी पुढे केली, तर मामा म्हणाले, “ठेव बाप्पा ते. सरकारची शाई काहून वाया घालतं?”

सही करण्याआधी ते वरचं सगळं वाचत. ओठ हलवत, बोट फिरवत. मला घाई असे, पण मी थांबत असे. एवढं मात्र मी करत होतो.

आता पाण्याचं सांगायला हवं. अकोल्याला निघताना आईनं मला नवी छागल दिली होती, जाड कापडाची पाण्याची पिशवी, आणि पाणी कुणाकडचं भरून घ्यायचं व कुणाकडचं नाही, हेही तोंडी सांगितलं होतं. मी ते पाळत होतो. विचार करून नव्हे. घरचं होतं म्हणून. माझी छागल एका झाडाला टांगलेली असे, मामांची दुसऱ्या. मामांच्या ते ध्यानात आलेलं होतंच. एकदा दोन्ही छागली वाऱ्यावर हलत होत्या तिकडे बघत ते म्हणाले, “तुमची त्या हिवराले, माही या हिवराले. पन वारा दोघीइलेबी एकच लागून राह्यला, साहेब. त्याले सांगाव लागन.” मी हसलो. हसण्यावारी नेलं, असं म्हणायला हवं.

त्या वैशाखात आमचं काम तेल्हाऱ्याकडच्या एका गावी निघालं. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरी आहेत, पाणी आहे, पिता येत नाही. गावातले मोठे शेतमालक, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणत, त्यांनी आपल्या शेताची फेरमोजणी मागितली होती. त्यांच्या शेताचा एक धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, नाल्याला लागून होता, आणि तिथले हद्दीचे जुने दगड पुरात वाहून गेले होते. धुरा नाल्याच्या अलीकडच्या काठावर धरायचा की पलीकडच्या, एवढाच प्रश्न. नाल्यापलीकडे बौद्धवाडा होता. आमची उतरायची सोय दादासाहेबांच्या ओसरीवर, मामांची बैलांच्या गोठ्याशेजारी.

तिसऱ्या दिवशी उभ्या उन्हात मी नाल्याच्या अलीकडे फलकयंत्र, म्हणजे मोजणीच्या कागदाची तिपाई, लावून उभा होतो. छागल रिकामी झाली होती. मामा म्हणाले, “साहेब, बसा जरा. मुका वारा सुटला.” मी म्हटलं, एवढी बाजू होऊ द्या. नंतर मला आठवतं ते एवढंच की कागद पांढरा होता तो काळा झाला.

डोळे उघडले तेव्हा मी नाल्याच्या रेतीत एका हिवराखाली पडलो होतो. मामांनी मला खांद्यावर टाकून आणलं होतं. समोर रेतीत कमरेएवढा खड्डा उकरलेला, त्याच्या तळाशी ताटाएवढं पाणी. काठावर सात-आठ बाया आपापल्या घागरी घेऊन बसलेल्या. एक म्हातारी खड्ड्यात उतरून करवंटीनं पाणी गडव्यात भरत होती.

मामांनी गडवा माझ्या तोंडाशी धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. मी तोंड उघडलं नाही. त्या अवस्थेतही उघडलं नाही.

“पेता का, साहेब?” मामा म्हणाले. “का अमरावतीले जाऊन इचारून येता?”

एक बाई फसकन हसली. म्हातारी खड्ड्यातून म्हणाली, “पाज त्याले, भाऊ. लेकरू हाये. माहा नंबर हाये, कोनाचं काई जात नाई.”

मी प्यालो. सगळा गडवा प्यालो आणि दुसरा मागितला. मी आयुष्यात इतकं गोडं पाणी प्यालेलो नाही. हे लिहिताना सुद्धा जिभेला कळतं आहे.

संध्याकाळी अंगातलं ऊन उतरल्यावर मामांनी मला समजावून सांगितलं. “याले झिरा म्हनतात. रेती उकरली का खालची ओल झिरपून येते. सगळीकडं नाई येत. इथं हिवराच्या मुयाइनं खार अडवला असन, काय असन. आजूबाजूले चार कोस खारं, अन् एवढंच गोडं. एक घागर भरली का अर्धा घंटा वाट पाहा. म्हनून नंबर. बुढीचा नंबर तुमाले गेला. आता तिचा उद्या पहाटे.”

“मग आज ती काय पिईल?”

“दुसऱ्याइच्या घागरीतून घोटघोट. तिथं कोनी वेगवेगळ्या झाडाले नाई टांगत.”

त्यांनी ते टोचून म्हटलं नाही. म्हणूनच टोचलं. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: ‘झिरा. रेतीत उकरलेला पाण्याचा खड्डा. नाल्यातल्या हिवराखालचा झिरा गोडा आहे. वाड्यातले लोक पितात.’ मामांनी बोट फिरवत वाचलं आणि म्हणाले, “बरोबर लिवलं. आता असंच तिकडं बी लिवा.”

‘तिकडं’ म्हणजे टिपणाच्या शेऱ्यात. हद्दीवर जे जे सापडेल, झाड, विहीर, देऊळ, पायवाट, ते शेऱ्यात लिहायचं आणि कोण वापरतं तेही. शेऱ्यात ‘झिरा, वाड्याच्या वहिवाटीचा’ असं पडलं की धुरा कुठूनही जावो, ते पाणी कुणाला बंद करता येणार नव्हतं. न पडलं तर तो दादासाहेबांच्या पडीक तुकड्यातला एक खड्डा. मामांना हे माझ्याइतकंच कळत होतं. वाड्यातल्या बायकांनाही. त्या रात्री वाड्यातून मामांसाठी भाकरी आली होती, आणि तिच्याबरोबर माझ्यासाठी वेगळी, कपड्यात बांधलेली. मी ती ओसरीवर नेली नाही. गोठ्यातच मामांजवळ बसून खाल्ली, घाईघाईनं, कुणी बघत नाही ना ते पाहत.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांकडे जेवण होतं. पुरणपोळी होती, वर तूप. ओसरीवर गावातले चार प्रतिष्ठित होते. अंगणात, निंबाखाली, मामांचं पान वेगळं मांडलं होतं. दादासाहेब अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला काही देऊ केलं नाही, काही मागितलंही नाही. वडिलांना ओळखतो म्हणाले. अमरावतीच्या कोर्टात भेटतात म्हणाले. मग सहज विचारलं, “मग नाल्याकडचं झालं म्हणायचं?”

मी म्हटलं, “झालं जवळजवळ. तिथे तो झिरा आहे, त्याचं शेऱ्यात…”

“झिरा?” ते हसले. “अहो, उन्हाळ्यात रेती उकरली तर कुठंही ओल लागते. या पट्ट्यात गोडं पाणी असतं का? आमच्या पाच विहिरी खाऱ्या.”

“ते गोडं आहे,” मी म्हणालो.

दादासाहेबांनी हातातला घास थांबवला. रागानं नव्हे, गमतीनं. “तुम्हाला काय ठाऊक? चाखून पाहिलंत की काय, साहेब?”

ओसरीवर सगळे हसले. माझ्या पंक्तीला बसलेले भटजीही हसले. मला अमरावतीचं घर दिसलं, आई दिसली, कोर्टाच्या व्हरांड्यात दादासाहेबांशी बोलत उभे असलेले वडील दिसले. आणि मी म्हणालो, “छे!”

एवढंच म्हणालो. तेही हसतच म्हणालो.

अंगणात मामा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांचा हात पानावर थोडा वेळ थांबला आणि पुन्हा चालू लागला.

दुपारी मी टिपण पुरं केलं. धुरा नाल्याच्या पलीकडच्या काठानं काढला, म्हणजे नाला दादासाहेबांच्या शेतात आला. तसा काढायला कागदावर थोडा आधार होता, नाही असं नाही. शेऱ्यात लिहिलं: ‘नाला कोरडा. पडीक. हिवर एक.’ वाळूत उकरलेल्या खड्ड्याला काय म्हणायचं याचा विचार मी बराच वेळ केला, आणि काहीच म्हटलं नाही. खाली सही केली आणि वही मामांपुढे ठेवली.

मामांनी हात मातीनं घासले. पुसले. मग नेहमीसारखे वाचू लागले. बोट शेऱ्यावर आलं, पुढे गेलं, परत मागे आलं. हिवरावर थांबलं.

“साहेब, इथं एक शब्द सुटला.”

“बघू नंतर.”

“नंतर म्हनजे कवा?”

मी फलकयंत्राचे पाय मिटू लागलो. ते काही मिटत नव्हते. मामांनी टाक बाजूला ठेवला आणि म्हणाले, “शाईची गादी द्या जी.”

“कशाला? तुम्हाला सही येते ना.”

“येते. पन सही केली म्हनजे मी वाचलं असं होते. ज्यानं वाचलं नाई त्याचा अंगठा असते. आज मी वाचलं नाई, असं समजा.”

मी गादी दिली. त्यांनी डावा अंगठा त्यावर दाबला, आणि माझ्या सहीखाली उठवला. मग तो रेतीत पुसला. पुसत राहिले, पुसत राहिले. ती शाई रेतीनं निघत नाही.

एखाद्यानं आरडाओरड केली असती, वर अर्ज केला असता, तर मला बरं वाटलं असतं. भांडायला काहीतरी मिळालं असतं. मामा दुसऱ्या दिवशी साखळी खांद्यावर टाकून ठरल्या वेळी आले. साखळ्या मोजून ओरडत राहिले. मला साहेबच म्हणत राहिले. फक्त त्यांनी मला पुन्हा एकही शब्द सांगितला नाही. ऊन आलं, वारा आला, धुळीचे खांब फिरले, ते कोणते होते हे मला कळलं नाही. मीही विचारलं नाही. पाऊस पडायच्या आत मी खटपट करून अमरावतीला बदली करून घेतली.

हिवाळ्यात कळलं की नाल्यातल्या त्या हिवराभोवती दादासाहेबांनी बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

त्यानंतर मामा मला एकदाच भेटले, सात-आठ वर्षांनी, मूर्तिजापूर स्टेशनवर. मी नांदगाव खंडेश्वरकडचं एक काम आटोपून आलो होतो आणि अकोल्याच्या गाडीची वाट बघत होतो. मामा सेवानिवृत्त झाले होते. छोट्या गाडीतून उतरले. दुपट्टा तोच, खांद्याला छागल. मी ओळख द्यावी की नाही असा विचार करत होतो, तेवढ्यात तेच आले. “साहेब, वाळले तुमी. कोनतं ऊन लागलं?”

सुमन मास्तरीण झाली होती. त्यांना नातू झाला होता. हे सगळं त्यांनी आनंदानं सांगितलं. मी अखेर विचारलं, “त्या गावाचं…?”

“बुढी गेली,” ते म्हणाले. “बायका पूर्णा नदीपोत जात होत्या पान्याले. दोन कोस. एक वर्स गेल्या, दोन वर्सं गेल्या. मंग वाडा उठला. कोनी अकोल्याले मिलमंदी, कोनी कुठं. आता तिथं नेपती माजली हाये.”

आमच्यापुढे रुळांवर उभं ऊन लखलखत होतं. मामांनी छागल खांद्यावरून काढली, बूच काढलं आणि माझ्यापुढे धरली.

“प्या. घरच्या विहिरीचं हाये. याच्यावर कोनाचा धुरा नाई.”

फलाटावर अमरावतीचे ओळखीचे दोघे-तिघे होते. मी प्यालो. त्यांच्यासमोर प्यालो. मामांनी पाहिलं, आणि हसले नाहीत. बूच लावता लावता म्हणाले, “ते शब्द हायेत का, साहेब? मांगच्या पानावर लिवत होते ते?”

“वही कचेरीत जमा झाली, मामा.”

“मंग हायेत. कचेरीत गेलेलं कुठं जाते?” गाडीची घंटा झाली. ते उठले. “वाचले पायजे कोनीतरी,” असं म्हणाले, आणि स्टेशनच्या बाहेरच्या वाटेकडे वळून चालू लागले, फुफाट्यात चालावं तसे, पाय न उचलता. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मला फार उशिरा कळलं.

आता माझी पंचेचाळिशी उलटली आहे. नोकरीत थोडं वर चढलो आहे. अमरावतीच्या घरात कूलर आहे, फ्रीज आहे. मुलं उन्हाळ्यात ‘किती गरम होतंय’ म्हणतात आणि माझ्या तोंडावर ‘कोणतं?’ असा प्रश्न येतो, तो मी गिळतो. कधी पहाटे जाग येते तेव्हा वाटतं, आपण नाल्याच्या काठी साखळीचं एक टोक धरून उभे आहोत, दुसरं टोक लांब कुठेतरी मामांच्या हातात आहे, आणि ते आता ओरडून आकडा सांगतील. ते काही सांगत नाहीत. साखळी मात्र ताणलेली असते.

गेल्या महिन्यात अकोल्याला गेलो तेव्हा अभिलेख-कक्षात ती वही काढायला लावली. आहे. कडा खाल्लेल्या आहेत, पण आहे. त्या टिपणाखाली माझी सही आहे, आणि तिच्याखाली अंगठा. त्याच्या आधीच्या सगळ्या पानांवर ‘चंद्रभान’, सरळ रेघेखाली. मग मी शेवटची पानं उघडली. उभं ऊन, सांडलेलं ऊन, बसलेलं ऊन. मुका वारा. भवरा आणि वावधन, त्यांच्यातला फरक. बरड, चोपण, फुफाटा. नेपती, हिंगण, हिवर. आणि सगळ्यांत शेवटी, माझ्याच अक्षरात, टिपणाच्या आदल्या दिवशीच्या तारखेनं: नाल्यातल्या हिवराखालचा झिरा गोडा आहे. वाड्यातले लोक पितात.

कुणालाही दिसेल असं ते तिथं पडलं आहे. मीच लिहिलेलं, माझ्याच विरुद्ध. वाडा उठला, म्हातारी गेली, मामा गेले. आता ते शेऱ्यात आल्यानं कुणाची घागर भरणार नाही, हे मला कळतं. पण ते अजून शेऱ्यात नाही.

दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा हे मला ठाऊक आहे. तसे शेकडो अर्ज माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्यात लिहायचं ते असं: तिथे झिरा होता. तो वाड्याचा होता. पाणी गोडं होतं हे मला ठाऊक होतं, कारण मी ते प्यालो होतो. खाली माझी सही. एवढं माझ्याकडून अजून राहिलं आहे.